चौदा कालनिर्णय

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. वाईच्या कोर्टात दुपारची सुट्टी झाली होती. मी टेबलावर डबा उघडून बसले होते, तेवढ्यात समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात स्लीपर, हातात वायरची पिशवी. पिशवी तिने माझ्या डब्याशेजारीच ठेवली आणि सुतळी सोडायला लागली. आत कालनिर्णय होती. एकावर एक रचलेली, वरच्या पत्र्याच्या पट्ट्यांना गंज चढलेली. २०११ पासून २०२४ पर्यंत, चौदा.

"मोजून बघा वकीलबाई," ती म्हणाली. "चौदा हायेत. चौदा झाली की सोडत्यात म्हनं. मग माझ्या पोराला का सोडीनात?"

(गाव, भांडण, नातीगोती मी बदलून लिहितेय. कालनिर्णय खरी आहेत.)

पोरगा कळंब्याला, कोल्हापूरच्या जेलमध्ये. बांधावरून भांडण, एक माणूस गेला, तीनशे दोन. २०१० च्या दिवाळीनंतर पकडला, पुढे सेशन कोर्टात जन्मठेप लागली, हायकोर्टात कायम झाली. तिने घरी खिळ्याला लावलेल्या प्रत्येक कालनिर्णयावर रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक फुली मारलेली. काही महिन्यांत फुल्या निळ्या, काहींत काळ्या. २०१७ च्या पावसाळ्यात चक्क हिरव्या स्केचपेनच्या, नातवाच्या दप्तरातून काढलेल्या.

डबा तसाच राहिला.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना?" हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल त्याची मोजदाद नाही. पक्षकार विचारतात, रिक्षावाले विचारतात, माझ्या सासूबाईंनीही विचारलाय. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी ठासून सांगायचे, "नाही हो, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत." हे उत्तर कायद्याने बरोबर आहे. पण समोरचा माणूस ते ऐकून ज्या नजरेने बघतो, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की या बाईला काही कळत नाही, दुसरा वकील बघू. त्या नजरेमुळेच मी कधीतरी हा चौदाचा आकडा आला कुठून ते शोधायला लागले. घरचे म्हणतात, मांडीवरचं मूल सोडून तू लोकांच्या पोरांचे हिशोब करत बसतेस. असो.

आकडा आमच्या सिनेमातल्या जज्जसाहेबांनी काढलेला नाही. तो पार जुना आणि इंग्रजांचा आहे. १७१८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की गुन्हेगारांना अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवायचं: साध्या गुन्ह्याला ७ वर्षं, आणि चोरीचा माल घेणाऱ्याला किंवा फाशीतून सुटलेल्याला १४. पुढे अमेरिका हातची गेली, ऑस्ट्रेलिया सापडली, पण सात-चौदाची वजनं तराजूत तशीच राहिली. भारतीय दंड संहिता १८६० ची, १ जानेवारी १८६२ पासून लागू. तिच्या ५५ व्या कलमात सरकारला मुभा होती की जन्मभराची हद्दपारी बदलून तिच्याऐवजी जास्तीत जास्त १४ वर्षांची कैद देता येईल. दोन आकडे पुढे ५७ वं. त्यात शिक्षेचा अर्धा-पाव हिस्सा काढायचा असेल तर जन्मठेप २० वर्षांची धरा, असं लिहिलेलं. आणि १९७८ च्या डिसेंबरात फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घुसवलं गेलं: खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षं काढल्याशिवाय सोडायचं नाही. आता नव्या संहितेत ते ४७५ वं झालंय.

म्हणजे ५५ व्या कलमात १४ हे छप्पर होतं आणि ४३३-अ मध्ये तेच १४ जोतं झालं. चौदाच्या आत नाही, एवढंच कायदा म्हणतो. चौदाला सोडाच, असं तो कुठेही म्हणत नाही. लोकांनी मात्र जोत्यालाच घर समजलंय.

म्हातारीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. "मावशी, जरा बसा," म्हटलं आणि चहा मागवला.

आता मूळ शब्दाकडे. तिच्या पोराच्या निकालपत्रात 'जन्मठेप' असं लिहिलंय. हाच निकाल १९५५ साली लागला असता तर इंग्रजीत त्याला 'जन्मभराची हद्दपारी' म्हटलं असतं, आपल्या भाषेत काळं पाणी. १८३७ साली मेकॉलेच्या कमिशनने दंड संहितेचा पहिला मसुदा केला, तेव्हा त्यांनी ही शिक्षा का ठेवली याचं कारण सरळ लिहून ठेवलंय. हिंदुस्थानातल्या लोकांना, त्यातून समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना, या शिक्षेची विशेष धास्ती वाटते, म्हणून ती ठेवायची. माणूस काळ्या पाण्यावर जातो, पलीकडे त्याचं काय होतं ते कळत नाही, आणि हे न कळणंच गावात मागे राहिलेल्यांना घाबरवतं. जावळी-वाईच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाने तर समुद्र पाहिलेलाही नसायचा.

तेव्हा हिंदुस्थानातले कैदी मॉरिशसला जायचे, पिनांगला, सिंगापूरला. मुंबई इलाख्यातलेही त्यात होते. डार्विन १८३६ साली मॉरिशसला उतरला तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर काम करणारे हे कैदी बघून थक्क झाला. पांढऱ्या दाढीमिशांची ही रुबाबदार माणसं गुन्हेगार आहेत यावर त्याचा विश्वास बसेना. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आपल्याकडच्या कैद्यांनी बांधलंय. माझा भाचा तिथे नोकरीला आहे, मी त्याला फोटो काढून पाठवायला सांगितला तर त्याने स्वतःचाच सेल्फी पाठवला, मागे चर्चचा कोपरा.

आणि उलटीकडून जहाजं आपल्याकडेही येत होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. महाबळेश्वरचा चायनामन्स फॉल सगळ्यांनी पाहिलाय. तो चिनी माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलाय कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. त्यांच्यासाठी १८३४ च्या सुमाराला तिथे तुरुंग झाला, शंभर-सव्वाशे माणसांचा, आणि १८६४ ला तो बंद झाला. घाटमाथ्यावरचे सुरुवातीचे रस्ते या लोकांनी केले. बटाटा, इंग्रजी भाज्या आणि स्ट्रॉबेरी लावली, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. त्यांतल्या काहींना पुढे 'तिकीट' मिळालं, म्हणजे कैदी तर राहायचं, पण कोठडीबाहेर, आपलं आपण कमवून. ते त्या धबधब्याजवळ भाजीचे मळे करून राहिले.

माझं माहेर पाचगणीच्या खाली. लहानपणी स्ट्रॉबेरीच्या हंगामात आम्ही पोरं करंड्या भरायला जायचो, पाकिटाला अमुक पैसे. ही करंडी विणायची पद्धत चिनी कैद्यांकडून आली असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. कँटनकडचा कुणी एक माणूस आमच्या धुक्यात आणि पावसात येऊन पडतो, तीनशे इंच पाऊस बघतो, आणि परत न जाता गाजराचे वाफे करतो. त्याच्या आईकडे कालनिर्णय नव्हतं.

'तिकीट' हा शब्द लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

वसाहतीच्या तुरुंगात दोन विचार एकाच वेळी एकमेकांच्या उरावर बसलेले दिसतात. एक मेकॉलेचा. १८३८ साली त्याच्या पुढाकाराने हिंदुस्थानातल्या तुरुंगांविषयी समितीचा अहवाल आला. रस्त्यावर बेड्या घालून काम करणाऱ्या कैद्यांची टोळकी बंद करा, मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधा, हे त्यांनी सुचवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. पण कैद्याला शिकवणं, चांगल्या वागण्याबद्दल बक्षीस देणं, सवलत देणं हे सगळं समितीने ठरवून नाकारलं. काम कंटाळवाणं हवं, एकसुरी हवं, त्यात काही मिळता कामा नये.

दुसरा विचार अलेक्झांडर मॅकोनोची नावाच्या नौदलातल्या माणसाचा. हा स्वतः तरुणपणी फ्रेंचांच्या कैदेत राहून आलेला. तुरुंगसुधारणा लिहिणाऱ्यांत प्रत्यक्ष कैद भोगलेले थोडेच, त्यामुळे मला त्याच्याबद्दल थोडी जास्तच आपुलकी आहे हे आधीच सांगते. १८४० च्या मार्चमध्ये त्याला नॉरफोक बेटावर नेमलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला हजारेक मैलांवर समुद्रात एक ठिपका. ऑस्ट्रेलियात पोचून पुन्हा गुन्हा केलेले तिथे धाडायचे, 'सुधारण्यापलीकडचे' म्हणून. २५ मेला, राणी व्हिक्टोरियाच्या आदल्या दिवशीच्या वाढदिवसानिमित्त, या गृहस्थाने दारं उघडली. कैद्यांना दिवसभर बेटावर मोकळं फिरू दिलं, जेवण दिलं, राणीच्या नावाने घोटभर रम लिंबू घालून दिली, संध्याकाळी नाटक आणि दारूकाम केलं. रात्री इशारा झाल्यावर सगळे आपणहून बराकीत परत गेले. सिडनीच्या वर्तमानपत्रांनी त्याला वेड्यात काढलं.

त्याची मूळ कल्पना मात्र साध्या वाण्याच्या वहीसारखी आहे. शिक्षा वर्षांत मोजूच नका, म्हणाला. गुण ठरवा. अमुक गुन्हा म्हणजे अमुक हजार गुण. काम केलं की गुण जमा, शिस्त मोडली की वजा, थोडं बरं खायला हवं असेल तर तेही गुण खर्चूनच घ्या. खातं पूर्ण झालं की सुटका. वर्षं काय, झोपून काढली तरी सरतात. गुण कमवावे लागतात. सुटकेची किल्ली काही प्रमाणात कैद्याच्याच हातात राहते.

न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर गिप्स १८४३ ला बेटावर जाऊन आला आणि त्याने बऱ्यापैकी चांगला अहवाल दिला. पण तोवर लंडनहून मॅकोनोचीला काढायचं ठरलं होतं. १८४४ ला तो गेला आणि चाबूक परत आला. कल्पना तेवढी मेली नाही. आयर्लंडमध्ये तिथले तुरुंग बघणाऱ्या वॉल्टर क्रॉफ्टनने ती पायऱ्यांच्या रूपात आणली, म्हणजे वागणूक सुधारेल तशी थोडी थोडी मोकळीक, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानातल्या तुरुंगांतही उतरली. आज आमच्याकडे कैदी जिला 'माफी' म्हणतात, तीच ही. "मॅडम, माझी माफी किती झाली बघा ना" असं जेलमधून आलेल्या पत्रात असतं, तेव्हा तो मॅकोनोचीच्या वहीतलीच शिल्लक विचारत असतो. जेलवाले रिमिशन म्हणतात. चांगल्या वागणुकीचे इतके दिवस, कामाचे इतके, सरकारने सणावाराला दिलेले इतके.

अंदमानातही हीच शिडी होती. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. आधी तो आग्र्याच्या जेलचा अधिकारी होता. तिथून पुढची गोष्ट आपण मराठी माणसांनी शाळेपासून ऐकलेली आहे: कोलू, काथ्या, बारी, सेल्युलर जेल. ती खरीच आहे आणि तिच्यात काही उणं करायचं नाही. पण सेल्युलर जेल ही अंदमानच्या शिक्षेची फक्त पहिली पायरी होती, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या, म्हणजे राजकीय नसलेल्या, जन्मठेपेच्या कैद्यासाठी क्रम असा होता: पहिले ६ महिने कोठडीत एकटं, मग दीड वर्ष दुसऱ्या जेलमध्ये इतरांबरोबर, मग ३ वर्षं बराकीत राहून बाहेर मजुरी, पुढे ५ वर्षं मजुरीच, पण मुकादमीसारखी छोटी कामं आणि थोडा पैसा. १० वर्षं झाली की तिकीट. मग जमीन कसा, गुरं पाळा, लग्न करा, गावाकडून बायको बोलवा. आणि वागणूक नीट असेल तर २० ते २५ वर्षांनी सुटका.

राजकीय कैद्यांना ही शिडी नव्हती. उलट त्यांना ती मिळू नये याची काळजीच घेतली जायची. विनायक सावरकरांना दोन जन्मठेपा, एकेक २५ धरून ५० वर्षं, आणि सुटकेची तारीख लिहिलेली डिसेंबर १९६०. आपण ती तारीख क्रूरपणाचा नमुना म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण वकील म्हणून माझी नजर दुसरीकडे जाते. तारीख होती. निष्ठुर, अशक्य, पण आकड्यात लिहिलेली.

माझ्या म्हातारीच्या पोराच्या कागदावर तारीख नाही.

कशी गेली ती? १९१९-२० च्या जेल कमिटीने अंदमानची हद्दपारी बंद करा असं सांगितलं. प्रत्यक्षात ती रेंगाळत गेली. १९३३ च्या उपोषणात तीन राजबंद्यांचा जीव गेला, १९३७-३८ मध्ये राजबंद्यांना परत आणलं. कागदावर मात्र 'हद्दपारी' तशीच होती, कैदी मुख्य भूमीवरच्या जेलमध्येच राहायचे. मग १ जानेवारी १९५६ पासून दुरुस्ती आली: जिथे जिथे 'जन्मभराची हद्दपारी' असेल तिथे 'जन्मभराची कैद' वाचावं. संहितेत पान न पान धुंडून एका शब्दाच्या जागी दुसरा. समुद्र काढला, भिंत ठेवली. गुलामीतला शब्द गेला म्हणून चांगलं वाटलं असेल सगळ्यांना. पण हद्दपारीबरोबर जी पायऱ्यांची व्यवस्था चालत आली होती, ती या दुरुस्तीत कुठेच नाही. तिकीट कुठे गेलं ते कुणी विचारलंच नाही.

याचा पहिला मोठा खटला महाराष्ट्रातूनच गेला. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ साली जन्मभराची हद्दपारी झालेला गोपाळ गोडसे नाशिक रोडच्या जेलमध्ये होता. त्याचं म्हणणं असं: हद्दपारी म्हणजे २० वर्षं, आणि प्रत्यक्ष काढलेला काळ अधिक मिळालेली माफी मिळून माझी २० भरली, आता सोडा. निकालात त्याच्या माफीचा हिशोब दिलाय: साधी ८३६ दिवस, विशेष १२०६, कवायतीची ११३, शिक्षणाची १०८, वार्षिक सद्वर्तनाची २५०, सरकारने दिलेली ४५०. एकूण २९६३ दिवस. आठ वर्षांवर. मी हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा बेरीज करून बघितली. जुळते.

या माणसाच्या गुन्ह्याबद्दल मला तसूभर सहानुभूती नाही, पण प्रश्न त्याने अचूक विचारला होता. सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९६१ मध्ये उत्तर दिलं: २० हा आकडा अपूर्णांक काढण्यापुरता आहे, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफीचे दिवस मोजले जातील, पण सोडायचं की नाही हा सरकारचा अधिकार, कैद्याचा हक्क नाही. सावरकरांच्या कागदावरची ती १९६० ची तारीख उलटून जेमतेम काही आठवडे झाले होते. योगायोग, दुसरं काही नाही, पण मला तो विसरता येत नाही. गोडसेला सरकारने पुढे १९६४ ला सोडलं, ती सरकारची मर्जी म्हणून.

तेव्हापासून असं आहे की कैदी दिवस कमवतो, पण ते वजा कशातून करायचे? आयुष्यातून ३००० दिवस वजा कसे करणार? जे किती आहे तेच माहीत नाही त्यातून वजाबाकी! मॅकोनोचीची वही राहिली, फक्त एकूण रक्कम खोडून टाकली.

म्हणून मग राज्यांनी आपापले आकडे केले. महाराष्ट्रात १९९२ चे आणि २०१० चे शासननिर्णय आहेत. गुन्हा कशा प्रकारचा, पूर्वनियोजित की रागाच्या भरात, एकाने की टोळीने, त्यावर वर्ग, आणि वर्गानुसार २०, २२, २४, २६ वर्षं, माफी धरून. तेही आपोआप नाही. जेलमधून प्रस्ताव निघतो, मग पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचं मत, ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्या कोर्टाचं मत, मग गृह विभाग. शिक्षा देणारे जज्ज तोवर निवृत्त झालेले असतात. त्यांच्या जागेवरचे नवे जज्ज पंधरा वर्षांपूर्वीचं निकालपत्र वाचून मत देतात. गावात पोलीस चौकशीला जातात तेव्हा पाटील म्हणतो, "आला तर पुन्हा भांडणं होतील." झालं, एक कागद उलटा.

हे सगळं नव्या कायद्यांनी बदललं का, असं विचाराल तर नाही. २०२४ च्या १ जुलैपासून संहितांची नावं संस्कृत झाली आणि कलमांचे नंबर फिरले. आम्ही वकील अजून बोटांवर जुना नंबर-नवा नंबर करतोय. ५७ चं ६ झालं. वीसचा आकडा आत तसाच. तुरुंगाचा कायदा तर १८९४ चा, तो आमच्या डोक्यात अजून पाठ आहे. त्यातलं २३ वं कलम माझ्या आवडीचं. ज्या कैद्याला जेलमध्ये अधिकारी नेमलं, तो 'लोकसेवक' समजावा. म्हणजे रात्रपहाऱ्याला किंवा वॉर्डर म्हणून नेमलेला जन्मठेपेचा कैदी कायद्याने सरकारी नोकर! सिंगापुरात कैद्यांवर कैदीच राखणीला ठेवायची पद्धत पडली, अंदमानात ती मुरली, आणि आजही आमच्या जेलमध्ये पट्टा बांधलेला कैदी दुसऱ्याला "ए, लाइनीत" म्हणतो. कुणाला झाडू द्यायचा आणि कुणाला स्वयंपाकघर, हे जातीवर ठरवणारे नियम तर सुप्रीम कोर्टाला २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द करावे लागले.

तिकिटाची आठवण ठेवणारी एक जागा मात्र आमच्या शेजारीच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३० च्या दशकाच्या शेवटी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात ही वसाहत सुरू झाली, मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनियरच्या डोक्यातून. भिंत नाही, कुलूप नाही, कैद्याने शेत करायचं, बायकापोरांसह राहायचं. इंग्रजांच्या तुरुंगांना जे जमलं नाही ते एका एवढ्याशा संस्थानाने करून दाखवलं. मी एकदा तिथे गेले होते, एका पक्षकाराच्या सहीसाठी. डाळिंबाला पाणी देत होता. सही केली, हात धुतले, "चहा घेऊन जा" म्हणाला, बायको आत चुलीपाशी. मला वाटलं, हाच तो धबधब्याजवळचा चिनी माळी. पण अशा जागा किती आणि कैदी किती.

म्हातारीकडे परत येते. चहा पिऊन झाला होता. मी तिच्या पिशवीतला जेलचा कागद काढला आणि कॅल्क्युलेटर घेतलं. पकडल्यापासून १४ वर्षं २ महिने. चौदा पार. मग कागदावर दिसलं: कोविडची पॅरोल, मे २०२० ते मार्च २०२२. पोरगा आधी दोनदा रजेवर येऊन वेळेत परत गेलेला, म्हणून त्याला ती मिळाली. आणि पॅरोलचा काळ शिक्षेत धरायचा नाही. गोव्यातल्या कैद्यांच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीत ते आणखी पक्कं केलं: १४ वर्षं म्हणजे आत काढलेली, पॅरोल वगळून. मग १४ वर्षं २ महिन्यांतून २३ महिने गेले. राहिली १२ वर्षं ३ महिने.

हे तिला कसं सांगायचं, म्हणून मी उगीच कालनिर्णय चाळत बसले. २०१९, फुल्या. २०२० चा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, फुल्या. मे कोरा. जून कोरा. २०२१ चं आख्खं कालनिर्णय कोरं, फक्त कुठे कुठे दूधवाल्याचा हिशोब. २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा फुल्या.

"मावशी, इथं फुल्या का नाहीत?"

"तवा घरात होता की त्यो. घरात असल्यावं फुली कशापायी मारू?"

सुप्रीम कोर्टाला जे सांगायला निकालपत्र लागलं, ते हिने आधीच करून ठेवलं होतं. फक्त मोजताना फुल्या न मोजता कालनिर्णय मोजली होती.

मग मी तिला तिच्याच वहीतून सांगितलं. हे कोरे महिने धरायचे नाहीत. तिने मान हलवली, ते तिला लगेच पटलं. मग म्हटलं, फुल्यांचे चौदा भरायला अजून एकवीस महिने. त्यानंतर कागद हलतील. माफी साधारण तीन वर्षांची जमलीय. वर्ग कुठला लावतात त्यावर पुढचं, माझा अंदाज बावीसचा. पुढेही माफी मिळत जाईल ती धरून...

"म्हंजी अजून किती कालनिर्णय?"

"पाच. सहाही लागतील."

ती काही बोलली नाही. बोटांवर मोजलं, बहुधा स्वतःचं वय. मग कालनिर्णय गोळा करायला लागली, जुनं खाली, नवं वर, आणि सुतळी बांधायला घेतली. गाठ तिला बसेना, मी बोट धरलं.

जेल अधीक्षकांच्या नावाने एक अर्ज लिहून दिला, माफीचा तपशील आणि वर्ग कळवावा म्हणून. तिने अंगठा दिला. फी विचारली, मी नको म्हटलं, तर पिशवीच्या तळातून तिळाच्या लाडवांची पुडी काढून टेबलावर ठेवली. कळंब्याला न्यायला केले होते, पण आत घेत नाहीत म्हणाले, असं म्हणाली.

"मेढ्याची गाडी किती वाजता हाय?"

"सव्वातीनला."

घड्याळात तीन वाजून दहा झाले होते. पिशवी काखेत मारून ती झपाझप स्टँडकडे निघाली.